मुलाने सांगितलं, आता पोलिसांना कुणी, कधी आणि कसं कळवायचं?

ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या एका शाळेतल्या दोन लहान मुलींवरच्या अत्याचाराची बातमी आली. २० तारखेला लोक रेल्वेरुळांवर उतरले आणि त्यानंतर मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून प्रकरणाची दखल घेतली. सुनावणीत न्यायालयाने सरकारला विचारलेला एक प्रश्न बऱ्याच वाचकांना नवा होता. शाळेला प्रकार समजला असताना तिने पोलिसांना कळवलं नसेल, तर शाळेवर गुन्हा दाखल केलात का? पुढे शाळेच्या व्यवस्थापनावरही गुन्हा नोंदवला गेला.

ज्याने अत्याचार केला त्याच्यावर गुन्हा, हे कुणालाही कळतं. पण ज्याने हात लावला नाही, फक्त कुणाला सांगितलं नाही, त्याच्यावर गुन्हा कसा? कारण मुलावरचा लैंगिक अत्याचार माहीत असताना पोलिसांना न कळवणं हाही कायद्याने गुन्हा आहे. शिक्षक, क्लासचालक, डॉक्टर, सोसायटीचे पदाधिकारी, अंगणवाडी सेविका, इतकंच काय पण घरातली आजीसुद्धा या तरतुदीत येते आणि त्यातल्या बहुतेकांना ते माहीत नसतं. माहीत असतं त्यांच्याही डोक्यात गोंधळ असतो: आधी चौकशी करायची का, मुख्याध्यापकांना सांगितलं की झालं का, चोवीस तासांची मुदत म्हणतात ती कुणासाठी?

## कायद्यात नेमकं काय लिहिलंय

कायद्याचं नाव लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण अधिनियम, २०१२. आपण त्याला पोक्सो म्हणतो. तो १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू आहे. अठरा वर्षांखालची प्रत्येक व्यक्ती त्यात ‘बालक’ आहे, मुलगी असो वा मुलगा. मुलग्यांच्या बाबतीत ‘त्याला काय होतंय’ म्हणून विषय सोडून देणारे लोक आजही भेटतात. कायदा तसा फरक करत नाही.

कळवण्याची सक्ती कलम १९ मध्ये आहे. पोक्सोखालचा गुन्हा घडल्याचं ज्या व्यक्तीला माहीत आहे, किंवा असा गुन्हा घडण्याची शक्यता आहे अशी जिला धास्ती वाटते, तिने ती माहिती विशेष बाल पोलीस पथकाला किंवा स्थानिक पोलिसांना दिलीच पाहिजे. बाल पोलीस पथक जिल्हा पातळीवर असतं. प्रत्येक पोलीस ठाण्यात एक बालकल्याण पोलीस अधिकारी नेमलेला असायला हवा. ठाण्यात गेल्यावर ‘बालकल्याण अधिकारी कोण आहेत?’ असं विचारलं तर निम्मी पायपीट वाचते.

‘गुन्हा’ म्हटल्यावर डोळ्यासमोर फक्त बलात्कार येतो, तिथेच पहिली चूक होते. लैंगिक हेतूने केलेला स्पर्श, मुलाला अश्लील चित्रफीत दाखवणं, मोबाईलवरून सतत पाठलाग करणं, मुलाचे तसले फोटो काढणं किंवा बाळगणं हे सगळं पोक्सोत येतं. ‘फक्त हातच लावला ना’ म्हणून शाळेने शिपायाची बदली केली आणि विषय मिटवला, तर त्या शाळेने कलम १९ मोडलेलं असतं.

न कळवण्याची शिक्षा कलम २१ मध्ये आहे. साध्या नागरिकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. संस्थेचा प्रमुख असेल आणि गुन्हा त्याच्या हाताखालच्या माणसाने केला असेल, तर एक वर्षापर्यंत कैद आणि दंड. पोलिसांनी मिळालेली माहिती नोंदवली नाही तर तेही याच कलमात अडकतात. मुलांना मात्र ही शिक्षा लागू नाही. पंधरा वर्षांच्या मैत्रिणीने गुपित ठेवलं म्हणून तिच्यावर गुन्हा होत नाही.

## ‘कोणतीही व्यक्ती’ म्हणजे खरंच कोणतीही?

हो. आईवडील, मामा, शिकवणीचे सर, रिक्षावाले काका, वसतिगृहाचे अधीक्षक, समुपदेशक, शेजारी. नात्याला किंवा व्यवसायाला वेगळी सूट कायद्यात लिहिलेली नाही. कलम २० मध्ये प्रसारमाध्यमं, हॉटेल, लॉज, रुग्णालय, क्लब, फोटो स्टुडिओ यांच्या कर्मचाऱ्यांचा पुन्हा वेगळा उल्लेख आहे. मुलांचं लैंगिक शोषण दाखवणारी सामग्री किंवा वस्तू त्यांच्या नजरेस पडली तर तीही पोलिसांना कळवायची.

शाळांमध्ये सगळ्यात जास्त घोळ होतो तो इथे. वर्गशिक्षिकेला मूल सांगतं, ती पर्यवेक्षकांना सांगते, पर्यवेक्षक मुख्याध्यापकांना, मुख्याध्यापक संस्थेच्या सचिवांना, आणि सचिव म्हणतात ‘बैठक बोलावतो’. या साखळीतल्या प्रत्येकाला वाटतं की आपण आपलं काम केलं. कायद्याच्या नजरेत एकानेही केलेलं नसतं, कारण कलम १९ मध्ये माहिती घेणारा एकच आहे: पोलीस. मुख्याध्यापकांना सांगणं योग्यच आहे, मुलाच्या सुरक्षेसाठी गरजेचंही आहे. पण त्याने शिक्षिकेची स्वतःची जबाबदारी संपत नाही. शिक्षण विभागाला अहवाल पाठवणं हीदेखील निराळी प्रशासकीय गोष्ट आहे. गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या कार्यालयात आवक क्रमांक पडला म्हणून पोलिसांना कळवल्यासारखं होत नाही. मुलांच्या सुरक्षेसाठी शाळेत नेमलेली सखी सावित्री समिती असो की शाळेची तक्रार समिती, तिला पोक्सोचा गुन्हा मिटवण्याचा अधिकार नाही.

## खात्री नसताना कसं कळवायचं?

हा आक्षेप प्रामाणिक असतो. एखाद्या माणसाचं आयुष्य आपल्या एका फोनने उद्ध्वस्त होईल, ही भीती खोटी नाही.

स्वयंपाकघरात गॅसचा वास आला तर आपण रेग्युलेटर बंद करतो, खिडक्या उघडतो आणि एजन्सीला फोन करतो. गळती नेमकी कुठे आहे हे काडी ओढून शोधत बसत नाही. शाळेची ‘अंतर्गत चौकशी’ ही नेमकी ती काडी असते. संशयिताला बोलावून विचारलं जातं, तो सावध होतो, मोबाईल साफ करतो, मुलाला धमकावतो. मुलाला पाच जणांसमोर पुन्हा पुन्हा तेच विचारलं जातं. प्रत्येक वेळी शब्द थोडे बदलतात आणि दोन वर्षांनी बचावपक्षाचे वकील तोच फरक न्यायालयात वाचून दाखवतात. सीसीटीव्हीचं रेकॉर्डिंग ठरावीक दिवसांनी आपोआप पुसलं जातं, तेही या चौकशीच्या काळातच.

कायदा तुमच्याकडून पुरावा मागत नाही, माहिती मागतो. गुन्हा घडला की नाही हे पोलीस तपासतात आणि न्यायालय ठरवतं.

मग उलट टोक: संशय घेत फिरायचं का? तसंही नाही. २०१८ मध्ये केरळमधल्या एका प्रकरणात हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयासमोर आला. प्रसूतिवेदना होत असताना दाखल झालेल्या मुलीचं वय रुग्णालयात अठरा असं नोंदवलेलं होतं. पुढे ती अल्पवयीन निघाली आणि डॉक्टरांवर न कळवल्याचा खटला झाला. न्यायालयाने तो रद्द केला. कलम १९ माहिती असलेल्यावर बंधन घालतं, तपास करून माहिती मिळवण्याचं बंधन घालत नाही, असं त्याचं म्हणणं होतं.

आपल्याच चंद्रपूर जिल्ह्यातल्या राजुऱ्याच्या प्रकरणात निकाल वेगळा लागला. वसतिगृहातल्या आदिवासी मुलींवर अत्याचार झाले होते आणि त्यांना तपासणाऱ्या डॉक्टरांवर न कळवल्याचा आरोप होता. उच्च न्यायालयाने डॉक्टरांवरचा गुन्हा रद्द केला. २ नोव्हेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो पुन्हा उभा केला. माहिती होती की नव्हती हे साक्षीपुराव्याने ठरू द्या, सुरुवातीलाच प्रकरण गुंडाळता येणार नाही, आणि पोक्सोचा हेतू साधायचा असेल तर तत्काळ व नीट कळवणं अत्यंत महत्त्वाचं आहे, असं न्यायालय म्हणालं. दोन्ही निकाल शेजारी ठेवले की रेषा दिसते. मूल स्वतः सांगतंय, तुम्ही पाहिलंय, तपासणीत खुणा दिसतायत, मोबाईलवर संदेश वाचलेत: ही माहिती झाली. मूल गप्प गप्प आहे, जेवत नाही, एका माणसाला पाहून दचकतं: ही लक्ष देण्याची वेळ आहे. त्याच्याशी बोला, एकट्याला त्या माणसाजवळ ठेवू नका, गरज वाटली तर १०९८ या मुलांच्या हेल्पलाइनवर सल्ला घ्या.

## चोवीस तास कुणासाठी?

‘चोवीस तासांत कळवावं लागतं’ हे वाक्य सगळीकडे ऐकू येतं. ही मुदत नागरिकांना दिलेली नाही. कलम १९ मध्ये चोवीस तास आहेत ते पोलिसांसाठी: माहिती मिळाल्यापासून एवढ्या वेळात त्यांनी प्रकरण बालकल्याण समितीला आणि विशेष न्यायालयाला कळवायचं. मुलाला संरक्षणाची किंवा उपचारांची गरज दिसली तर त्याची निवारागृहात किंवा रुग्णालयात सोयही याच वेळात करायची. बालकल्याण समिती म्हणजे जिल्ह्यातलं एक छोटं मंडळ. मूल घरी सुरक्षित आहे की त्याला दुसरीकडे ठेवायला हवं, हे ते ठरवतं. घरातलाच माणूस आरोपी असेल तेव्हा या समितीचा निर्णय फार मोलाचा.

नागरिकाला तासांची सवलतच नाही. कळलं की कळवायचं. शनिवारी दुपारी समजलं म्हणून सोमवारच्या शाळेची वाट पाहायची नाही.

शरीराचं घड्याळही चालू असतं. एचआयव्ही रोखणारी औषधं ७२ तासांच्या आत सुरू करावी लागतात, जितकी लवकर तितकी बरी. कपड्यांवरचे आणि शरीरावरचे नमुने दर तासाला कमी होत जातात. म्हणून मुलाचे कपडे धुऊ नका. बदललेच असतील तर कागदी पिशवीत ठेवा. प्लॅस्टिकमध्ये ओल धरते आणि नमुना खराब होतो. रुग्णालयात आधी गेलात तरी चालतं. पोक्सोचे २०२० चे नियम सांगतात की तातडीचे उपचार देण्याआधी डॉक्टरांनी पोलिसांचं पत्र किंवा कुठलाही कागद मागायचा नाही. उपचार मोफत, सरकारी असो वा खासगी रुग्णालय. उपचार नाकारणं हा भारतीय न्याय संहितेत वेगळा गुन्हा आहे.

## प्रत्यक्षात काय करायचं

मूल सांगत असताना ऐकायचं. ‘मग काय झालं?’ इतकंच विचारायचं. ‘त्याने असं केलं का, तसं केलं का?’ असे उत्तर सुचवणारे प्रश्न टाळायचे. ‘कुणाला सांगणार नाही’ असं वचन द्यायचं नाही, कारण ते पाळता येणार नाही आणि मोडलं की मुलाचा उरलेला विश्वासही जातो. त्याऐवजी: ‘तू सांगितलंस ते बरं केलंस. तुला मदत करू शकतील अशा लोकांनाच मी हे सांगणार आहे.’

मूल गेल्यावर लगेच, त्याच दिवशी, कागदावर लिहून काढायचं. मुलाचे शब्द मुलाच्याच बोलीत. त्याने शरीराच्या भागाला घरचं नाव वापरलं असेल तर तेच लिहायचं. सुसंस्कृत शब्द घालून दुरुस्त करायचं नाही. पोलिसांना द्यायचं पत्र साधारण असं असावं:

‘आज दि. … रोजी सकाळी ११.२० वाजता इयत्ता पाचवीतील विद्यार्थिनीने (नाव सोबतच्या बंद लिफाफ्यात) मला वर्गाबाहेरच्या व्हरांड्यात पुढीलप्रमाणे सांगितले. तिचे शब्द: “…”. तिने ज्या व्यक्तीचे नाव घेतले ती व्यक्ती शाळेत … या कामावर आहे. त्या व्यक्तीशी किंवा अन्य कोणाशी मी याबाबत चौकशी केलेली नाही. ११.४५ वाजता मुख्याध्यापकांना व १२.१० वाजता विद्यार्थिनीच्या आईला कळवले. पोक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार ही माहिती देत आहे.’ खाली नाव, हुद्दा, फोन, सही.

एवढंच. ‘माझ्या मते तो माणूस आधीपासूनच वाईट आहे’ असली वाक्यं नकोत. आपण पाहिलेलं, ऐकलेलं आणि केलेलं, वेळांसह. वेळा लिहिण्यावर भर देण्याचं कारण असं की पुढे सगळा वाद ‘कधी कळलं आणि कधी कळवलं’ यावरच होतो.

फोनवर किंवा तोंडी सांगितलं तरी चालतं. मात्र पोलिसांनी ते लिहून घ्यायचं, तुम्हाला वाचून दाखवायचं, त्याला नोंद क्रमांक द्यायचा आणि वहीत चढवायचं, असं कलम १९ म्हणतं. तो क्रमांक मागून घ्या. गुन्हा नोंदवला की एफआयआरची प्रत फिर्यादीला फुकट मिळते. १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाइन आणि ११२ हा आपत्कालीन क्रमांक, दोन्ही वापरा. पण संस्थेत काम करत असाल तर त्यावर थांबू नका, पोलिसांना लेखी द्या. उद्या कलम २१ चा प्रश्न आला तर आवक शिक्का मारलेली प्रत हाच तुमचा पुरावा.

## पोलीस ठाण्यातच अडलं तर?

अडवणुकीचे प्रकार ठरलेले असतात. ‘हद्द आमची नाही.’ ‘अर्ज देऊन जा, साहेब आल्यावर बघू.’ ‘मुलीचं भविष्य बघा.’ बदलापूरमध्येही पालकांची फिर्याद नोंदवायला झालेल्या उशिरावरच लोकांचा मोठा रोष होता.

हद्दीचं उत्तर सोपं आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार गुन्हा कुठल्याही हद्दीत घडला असला तरी कोणत्याही ठाण्याला तो नोंदवावा लागतो. बोलीभाषेत त्याला ‘झिरो एफआयआर’ म्हणतात. नंतर तो योग्य ठाण्याकडे वर्ग होतो. ऑनलाइन माहिती दिलीत तर तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते. अंमलदाराने नकार दिला तर तीच माहिती टपालाने पोलीस अधीक्षकांना पाठवा, शहरात पोलीस उपायुक्तांना. तिथेही काही हललं नाही तर दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज. ‘तक्रार अर्ज’ म्हणून कागद ठेवून घेतला तर ‘याचा नोंद क्रमांक काय?’ एवढं शांतपणे विचारा. कलम १९ नुसार तो देणं त्यांच्यावर बंधनकारक आहे आणि न नोंदवल्यास कलम २१ त्यांनाही लागतं, हे ठाण्यातल्या लोकांना माहीत असतं.

मुलाचा जबाब घ्यायला त्याला ठाण्यात बोलवायची गरज नाही. घरी किंवा मूल म्हणेल तिथे, शक्यतो फौजदार दर्जाच्या महिला अधिकाऱ्याने, गणवेश न घालता, पालक किंवा मुलाच्या विश्वासातल्या माणसासमोर जबाब घ्यायचा आहे. कोणत्याही कारणाने मुलाला रात्री ठाण्यात ठेवता येत नाही.

## ‘घराण्याची अब्रू जाईल’

गावात, चाळीत, नातेवाइकांत हा आक्षेप सगळ्यांत जड असतो आणि त्याला ‘मागासलेपणा’ म्हणून झटकून टाकणं अन्यायाचं आहे. आईला माहीत असतं की बोभाटा झाला तर मुलीलाच शाळा सोडावी लागेल. म्हणून कायदा मुलाची ओळख कडेकोट झाकतो. नाव, पत्ता, फोटो, कुटुंबाचा तपशील, शाळा, वस्ती, यातलं ओळख पटेल असं काहीही माध्यमांत देता येत नाही. कलम २३ मध्ये त्यासाठी सहा महिने ते एक वर्ष कैदेची तरतूद आहे. बाल न्याय कायद्याचं कलम ७४ ‘संपर्काच्या इतर साधनांनाही’ लागू आहे. पालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर ‘अमुक वर्गातली, तमुक सोसायटीतली मुलगी’ असं लिहिणारे हितचिंतकही यात सापडू शकतात.

‘खोटं निघालं तर आमच्यावर शेकेल’ हा त्याच्या पाठोपाठचा आक्षेप. सद्भावनेने माहिती देणाऱ्यावर कोणतीही दिवाणी वा फौजदारी जबाबदारी येत नाही, असं कलम १९ स्वच्छ शब्दांत सांगतं. खोट्या तक्रारीची शिक्षा कलम २२ मध्ये आहे, पण ती निव्वळ बदनामी, खंडणी, धमकी किंवा अपमान करण्याच्या हेतूने केलेल्या खोट्या तक्रारीसाठी. आरोपी पुराव्याअभावी सुटला म्हणजे तक्रार खोटी होती असं ठरत नाही. मुलाने दिलेली माहिती खोटी निघाली तरी मुलाला शिक्षा नाही.

आणि तडजोड? ‘त्याने माफी मागितली, लिहून दिलं, आता मिटवा.’ राजस्थानातल्या एका शिक्षकावरचा गुन्हा मुलीच्या वडिलांशी समझोता झाला म्हणून तिथल्या उच्च न्यायालयाने रद्द केला होता. ७ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश फिरवला. असा गुन्हा दोन कुटुंबांमधला खासगी व्यवहार मानता येत नाही. गावबैठकीत घेतलेल्या कागदाचा उपयोग होतो तो एवढाच, की सह्या करणाऱ्या प्रत्येकाला प्रकार माहीत होता हे त्यावरून सिद्ध होतं.

## सोळा वर्षांची गर्भवती मुलगी आणि डॉक्टर

या कायद्याचा सर्वांत अवघड कोपरा हा, आणि इथे सक्तीची किंमत मुलीच मोजतात.

कायद्यात अठराखालच्या मुलीची संमती धरली जात नाही. तिचा प्रियकर एकोणीस वर्षांचा असो किंवा घरच्यांनी लावून दिलेला नवरा असो, शरीरसंबंध हा गुन्हाच. ११ ऑक्टोबर २०१७ च्या निकालाने सर्वोच्च न्यायालयाने अल्पवयीन पत्नीबाबतची सवलतही काढली. त्यामुळे ऊसतोडीला जाण्याआधी पंधराव्या वर्षी लग्न लावून दिलेली मुलगी गर्भवती होऊन उपकेंद्रात आली, की आशा, एएनएम (उपकेंद्राची परिचारिका) आणि वैद्यकीय अधिकारी तिघांनाही गुन्ह्याची माहिती झालेली असते. कळवलं तर नवरा, सासरा, कधी बापही आत. न कळवलं तर कलम २१. परिणाम असा होतो की वय वाढवून सांगितलं जातं, आधार कार्ड ‘घरी राहतं’, किंवा मुलगी दवाखान्यात येतच नाही आणि प्रसूती धोक्यात जाते.

गर्भपातापुरती यातली एक वाट सर्वोच्च न्यायालयाने २९ सप्टेंबर २०२२ च्या निकालात काढून दिली. संबंध संमतीने आले असतील आणि अल्पवयीन मुलीने व तिच्या पालकांनी विनंती केली, तर डॉक्टरांनी कलम १९ खाली माहिती देताना मुलीचं नाव आणि वैयक्तिक तपशील उघड करण्याची गरज नाही. कळवणं टळत नाही, ओळख टळते. हा निकाल माहीत नसल्यामुळे कित्येक डॉक्टर ‘आधी एफआयआर आणा’ म्हणतात आणि त्यात आठवडे जातात. गर्भपातात आठवड्यांचा हिशेब किती महत्त्वाचा असतो हे त्यांना सांगायला नको.

संमतीच्या वयाची अट सोळावर आणावी का, यावर विधी आयोगाने सप्टेंबर २०२३ च्या २८३ व्या अहवालात नकार दिला. सोळा ते अठरा वयोगटातल्या, मुलाची मूक संमती दिसणाऱ्या प्रकरणांत शिक्षा ठरवताना न्यायाधीशांना मर्यादित विवेकाधिकार द्यावा, एवढी शिफारस केली. किशोरांच्या आपसातल्या संबंधांसाठी कळवण्याच्या सक्तीला काहीतरी पायरी हवी, असं माझं स्पष्ट मत आहे. वसतिगृहातल्या शिक्षकाच्या अत्याचाराला आणि बारावीतल्या दोघांच्या प्रेमाला एकच दरवाजा असू नये. पण कायदा बदलेपर्यंत तो आहे तसाच पाळावा लागतो. बालविवाह ठरतोय हे कळलं तर मात्र लग्नाआधीच हालचाल करता येते. गावात ग्रामसेवक हेच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतात. हळद लागण्याआधीचा एक फोन पुढची ही सगळी कोंडी टाळतो.

## मोबाईलवर आलेला व्हिडिओ

‘या नराधमाला ओळखा, पुढे पाठवा’ म्हणून मुलावरच्या अत्याचाराची चित्रफीत ग्रुपवर येते. पुढे पाठवणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७ब खाली गुन्हा आहे, हेतू कितीही चांगला असो. नुसती साठवून ठेवणंही पोक्सोच्या कलम १५ मध्ये अडकवू शकतं. २३ सप्टेंबर २०२४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हे कलम बारकाईने उलगडलं. कुणाला पाठवू नका. कुठल्या क्रमांकावरून, कुठल्या ग्रुपवर, किती वाजता आली ते लिहून घ्या, राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर किंवा पोलिसांना कळवा आणि पुढचं त्यांच्या सांगण्याप्रमाणे करा. या प्रकारची तक्रार पोर्टलवर नाव न देताही करता येते.

गोव्यात स्टुडिओवाल्यांवर आणि हॉटेलांवर पोक्सोच्याही आधीपासून बंधन आहे. गोवा बालक कायदा २००३ चा. मुलांची अश्लील छायाचित्रं धुवायला आली तर पोलिसांना कळवणं आणि कुटुंबासोबत नोंद नसलेल्या मुलाला हॉटेलच्या खोलीत जाऊ न देणं, या दोन्ही गोष्टी त्यात आहेत.

## मारहाण, उपासमार, टाकून दिलेलं मूल

इथे कायदा असमान आहे. लैंगिक अत्याचार कळवण्याची सक्ती प्रत्येकावर. सावत्र बापाने चटके दिले तर शेजाऱ्यावर तशी सर्वसाधारण सक्ती नाही. चटके देणारा गुन्हेगारच आहे, बाल न्याय कायद्याच्या कलम ७५ मध्ये सांभाळ करणाऱ्याच्या क्रूरतेला तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. पण शेजारी गप्प राहिला तर त्याला पोक्सोसारखी शिक्षा नाही. कळवता मात्र येतं: १०९८, पोलीस, बालकल्याण समिती, जिल्हा बाल संरक्षण कक्ष. दवाखान्यात अशा जखमा आल्या तर डॉक्टर ‘एमएलसी’ करतात, म्हणजे पोलिसांना कळवायची वैद्यकीय नोंद.

एका बाबतीत सक्ती आहे आणि ती फारशी कुणाला ठाऊक नाही. हरवलेलं, टाकून दिलेलं, निराधार दिसणारं मूल तुम्ही ताब्यात घेतलंत, तर बाल न्याय कायद्याच्या कलम ३२ प्रमाणे प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांत पोलीस, चाइल्डलाइन (१०९८), बालकल्याण समिती किंवा बाल संरक्षण कक्षाला कळवायचं. नाहीतर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपये दंड किंवा दोन्ही. सापडलेलं तान्हं बाळ निपुत्रिक नातेवाइकांच्या ओटीत घालणं कितीही मायेने केलेलं असलं तरी यातच मोडतं.

## कळवल्यानंतर तुमचं काय होतं?

तुमचा जबाब नोंदवला जातो. मुलाने सर्वांत आधी ज्याला सांगितलं तो साक्षीदार म्हणून महत्त्वाचा असतो, त्यामुळे न्यायालयाचं समन्स येण्याची शक्यता धरून चाला. तुमच्या पत्राची प्रत जपून ठेवा, साक्षीच्या वेळी आठवण ताजी करायला ती लागते. सुनावणी बंद दाराआड होते. मुलाला वकिलाने थेट प्रश्न विचारायचे नाहीत, ते न्यायाधीशांमार्फत जातात, आणि साक्ष देताना मुलाच्या नजरेसमोर आरोपी येणार नाही अशी सोय करावी लागते. मुलाची साक्ष, न्यायालयाने प्रकरणाची दखल घेतल्यापासून तीस दिवसांत आणि खटला शक्यतो वर्षात संपवावा असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात बरेचदा जास्त वेळ जातो.

दरम्यान कुटुंबाला पैशांची गरज लागते. प्रवास, औषधं, बुडालेली मजुरी. विशेष न्यायालय खटला संपायच्या आधीच अंतरिम भरपाई देऊ शकतं. अन्न, कपडे, प्रवास अशा तातडीच्या खर्चासाठी बालकल्याण समिती शिफारस करू शकते. महाराष्ट्रात अत्याचारपीडितांना आर्थिक मदत देणाऱ्या मनोधैर्य योजनेचा अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जातो आणि त्यासोबत एफआयआरची प्रत लागते. खटलाभर सोबत राहणारी ‘सहायक व्यक्ती’ बालकल्याण समितीकडून मिळते. ती मिळाली का, हे कुटुंबाला पहिल्याच आठवड्यात विचारा. बऱ्याच कुटुंबांना ती मागता येते हेच कुणी सांगितलेलं नसतं.